स्टुडिओ स्ट्रोब: आत्ता घ्यावा की नव्यासाठी थांबावे?

स्टुडिओ स्ट्रोब ही छायाचित्रकाराच्या सामानातली सर्वांत सावकाश जुनी होणारी वस्तू आहे. कॅमेऱ्याची बॉडी पाच-सात वर्षांत मागे पडते. पण पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेले मोनोलाइट आजही तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोपासून साखरपुड्यापर्यंतची कामे निमूटपणे ओढत असतात. तरीही अमुक कंपनीचा नवा दिवा येतोय अशी कुणकुण लागली की ठरलेली खरेदी लांबणीवर पडते. हे थांबणे शहाणपणाचे की नुकसानीचे, हे दोन गोष्टींवर ठरते. या यंत्रात मुळात बदलण्याजोगे काय उरले आहे, ही पहिली. आणि थांबलेल्या महिन्यांत हातातल्या कामाचे काय होणार, ही दुसरी. पहिल्या गोष्टीवर भरपूर चर्चा होते, दुसरीचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

स्ट्रोबचे काम थोडक्यात असे चालते. कॅपॅसिटरमध्ये काही शे व्होल्टपर्यंत वीज भरली जाते. काचेच्या नळीत झेनॉन वायू असतो. नळीला काही हजार व्होल्टचा झटका दिला की तो वायू विजेला वाट करून देतो आणि साठलेली ऊर्जा प्रकाश व उष्णता होऊन क्षणात बाहेर पडते. अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात याच तत्त्वावर दुधाच्या थेंबाचा उडालेला मुकुट टिपला होता. आजच्या महागातल्या महाग दिव्यातही नळी, झेनॉन आणि कॅपॅसिटर हेच तिघे काम करतात. त्यामुळे ‘नवा दिवा जास्त उजेड देईल’ ही आशा बहुतेक वेळा पोकळ ठरते. ऊर्जा वॉट-सेकंदांत मोजतात आणि ती दुप्पट झाली की उजेड फक्त एक स्टॉप वाढतो. ५०० वॉट-सेकंदांच्या जागी ६०० चा दिवा आला तर फरक जेमतेम पाव स्टॉपचा. तेवढा फरक सॉफ्टबॉक्स एखादी वीत पुढे सरकवला तरी भरून निघतो. शिवाय कॅमेऱ्याचे सेन्सर इतके सुधारले आहेत, की आयएसओ १०० वरून २०० केल्याने चित्राचे काही बिघडत नाही. आणि एवढे केले की ३०० वॉट-सेकंदांचा दिवा ६०० च्या बरोबरीला येतो. निव्वळ ताकदीसाठी थांबण्यात म्हणूनच अर्थ नाही.

गेल्या काही दशकांत खरे बदल झाले ते ऊर्जा सोडण्याच्या पद्धतीत, ती कुठून घ्यायची यात आणि दिवा कॅमेऱ्याशी कसा बोलतो यात.

जुन्या पद्धतीच्या दिव्यात उजेड कमी करायचा तर कॅपॅसिटर कमी व्होल्टला भरतात. याचे दोन परिणाम होतात: उजेड जसजसा कमी होतो तसतसा त्याचा रंग किंचित तांबूस होतो, आणि फ्लॅश जास्त वेळ रेंगाळतो. दुसऱ्या पद्धतीत कॅपॅसिटर पूर्ण भरतो, पण आयजीबीटी नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच मध्येच प्रवाह तोडतो. इथे उलटे घडते. उजेड कमी केला की फ्लॅश आखूड होत जातो आणि रंग थोडा निळ्याकडे झुकतो. फ्लॅश किती वेळ टिकतो हे सांगण्याचे दोन आकडे प्रचलित आहेत. उजेड शिखराच्या निम्म्याहून वर असतो तो काळ टी-पॉइंट-फाइव्ह, आणि शिखराच्या एकदशांशाहून वर असतो तो टी-पॉइंट-वन. जुन्या पद्धतीच्या दिव्यात दुसरा आकडा पहिल्याच्या सुमारे तिप्पट असतो. हालचाल गोठवण्याच्या दृष्टीने खरा उपयोगाचा तोच. पण जाहिरातीत बहुधा पहिला छापतात, कारण तो दिसायला चांगला दिसतो.

फरक किती पडतो ते लावणीच्या फोटोत दिसते. गिरकी घेताना नर्तकीचा हात सेकंदाला ५ मीटर वेगाने फिरतो असे धरले, तर १/५०० सेकंदात तो १ सेंटीमीटर सरकतो. बोटे पुसट दिसायला तेवढे पुरे. १/२००० सेकंदात सरकणे अडीच मिलिमीटरवर येते आणि १/१०,००० सेकंदात अर्ध्या मिलिमीटरवर. मग बांगड्या मोजता येतात. स्टुलावर बसलेल्या माणसाच्या पोर्ट्रेटमध्ये मात्र हे तिन्ही दिवे सारखेच.

थांबण्याचा सर्वांत बोलका दाखला पॉल सी. बफ या अमेरिकन कंपनीच्या आइन्स्टाइन दिव्याचा आहे. नॅशव्हिलची ही कंपनी मधल्या विक्रेत्यांना वगळून थेट ग्राहकांना माल विकत असे, त्यामुळे तिचे दिवे स्वस्त पडत. एलियनबीज ही तिची मालिका होतकरू छायाचित्रकारांत लोकप्रिय होती. तिच्यातला बी-१६०० हा ६४० वॉट-सेकंदांचा दिवा जुन्या पद्धतीचा; तो १/३२ पर्यंत, म्हणजे २० वॉट-सेकंदांपर्यंत खाली येई. आइन्स्टाइनची माहिती बाजारात येण्याच्या बऱ्याच आधी जाहीर झाली आणि २०१० मध्ये तो लोकांच्या हाती पडला. त्याचीही ताकद ६४० वॉट-सेकंदच होती, म्हणजे जास्त उजेडासाठी ज्यांनी वाट पाहिली त्यांना एक थेंबही जास्त मिळाला नाही. पण आयजीबीटीमुळे तो १/२५६ पर्यंत, म्हणजे २.५ वॉट-सेकंदांपर्यंत खाली येत होता. रंग स्थिर ठेवायचा की फ्लॅश आखूड करायचा, हे एका बटणाने ठरवता येई. आखूड फ्लॅशच्या पर्यायात सर्वांत कमी ताकदीला टी-पॉइंट-वन १/१३,५०० सेकंदापर्यंत उतरे. ९५ ते २६५ व्होल्टवर तो आपोआप चालत असल्याने आपल्याकडच्या २३० व्होल्टलाही ट्रान्सफॉर्मर लागत नसे. किंमत ५०० डॉलरच्या आसपास.

या दिव्याची वाट पाहणे कोणाला फळले? उडते पाणी, उधळलेले पीठ, नर्तक, खेळाडू टिपणाऱ्यांना. इतका आखूड फ्लॅश त्याआधी युरोपातल्या महागड्या जनरेटर पॅकमध्ये मिळत असे आणि त्यांची किंमत कितीतरी पटींनी जास्त होती. एफ-१.८ सारख्या उघड्या अपर्चरवर पोर्ट्रेट काढणाऱ्यांनाही फायदा झाला, कारण त्यांची अडचण उजेड फार पडतो ही होती. बाकीच्यांनी, आणि तेच बहुसंख्य होते, एलियनबीज घेऊन काम सुरू केले असते तर त्यांच्या चित्रांत कोणाला फरक ओळखू आला नसता. दिवा तोच, वाटही तितकीच. फळ मात्र काम पाहून बदलले. नव्या दिव्याच्या माहितीपत्रकातला प्रत्येक आकडा असाच स्वतःच्या कामापुढे धरून पाहावा लागतो.

बॅटरीची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण तिथे थांबणाऱ्यांचा सरळसरळ फायदा झाला. पूर्वी बाहेर शूट करायचे तर जड बॅटरी पॅक आणि वायरी घेऊन जावे लागे, नाहीतर जनरेटर. २०१३ मध्ये स्वीडनच्या प्रोफोटोने बी-१ हा ५०० वॉट-सेकंदांचा दिवा आणला. लिथियम बॅटरी दिव्यातच, वायर नाही, आणि कॅमेऱ्याकडून उजेडाचे आपोआप मोजमाप. किंमत दोन हजार डॉलरच्या घरात होती. मग चीनच्या गोडॉक्सने २०१६ मध्ये एडी-६०० आणि २०१८ मध्ये एडी-६०० प्रो बाजारात आणला. ६०० वॉट-सेकंद, पूर्ण ताकदीला ०.९ सेकंदात पुन्हा तयार, एका चार्जवर पूर्ण ताकदीचे सुमारे ३६० फ्लॅश, आणि हे सगळे प्रोफोटोच्या निम्म्याहून कमी पैशांत. भारतातल्या लग्नाच्या छायाचित्रणात या स्वस्त बॅटरीच्या दिव्यांनी जेवढा बदल केला तेवढा दुसऱ्या कुठल्या दिव्याने केलेला दिसत नाही. लॉनवर वीज गेली तरी कँडिड टीमचे काम अडत नाही, आणि मांडवातल्या ढासळत्या व्होल्टेजची चिंताही उरत नाही. मात्र गोव्यातल्या लग्नांसाठी विमानाने जाणाऱ्यांनी नवा दिवा पसंत करताना बॅटरीवरचा वॉट-अवरचा आकडा आधी वाचावा. सुटी बॅटरी हातातल्या सामानातच न्यावी लागते. १०० वॉट-अवरपर्यंत अडचण नसते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि अशा दोनच नेता येतात, त्यापुढे प्रवासी विमानात मनाई आहे. बाकी बाबतींत उजवा असलेला दिवाही एवढ्यावरून बाद होऊ शकतो.

बी-१ पासून एडी-६०० पर्यंत तीन वर्षे गेली. २०१३ मध्ये ‘स्वस्त होईल तेव्हा घेऊ’ असे म्हणणाऱ्यांचा अंदाज खरा ठरला. पण त्याच तीन वर्षांत ज्यांनी बी-१ घेऊन बाहेरची कामे धरली त्यांनी दिव्याचे पैसे केव्हाच वसूल केले असणार. स्वस्त नक्कल येईपर्यंत दम धरणे हा हौशी माणसासाठी उत्तम मार्ग. धंदा करणाऱ्याला तो क्वचितच परवडतो.

तिसरा बदल रेडिओ ट्रिगरचा. दिवा कॅमेऱ्यावरूनच कमी-जास्त करता येणे ही सोय एकदा अंगवळणी पडली की शिडीवर चढून बटण फिरवणे नकोसे होते, हे खरे. पण नव्या ट्रिगरसाठी थांबण्याआधी तो स्वतःच्या कॅमेऱ्यावर चालतो का, हे पाहावे. कॅननने २०१८ मध्ये आणलेल्या आणि भारतात ईओएस १५००डी नावाने विकल्या गेलेल्या कॅमेऱ्याच्या हॉट-शूमधली मधली पिनच काढून टाकली होती. त्यामुळे वर्षानुवर्षे चाललेले साधे ट्रिगर त्यावर मुके झाले. अशा ठिकाणी अडचण दिव्याची नसते. सुधारलेल्या ट्रिगरसाठी थोडे थांबणे रास्त, दिव्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

हाय-स्पीड सिंकचा गवगवा फार होतो. साध्या फोकल-प्लेन शटरला फ्लॅश १/२०० ते १/२५० सेकंदापर्यंतच जुळतो. त्याहून वेगात शटरची फक्त फट सरकत जाते, म्हणून दिव्याला एका झटक्याऐवजी तेवढा वेळ सलग धडधडत राहावे लागते. त्यात दोन स्टॉप किंवा जास्तच उजेड वाया जातो. दुपारच्या उन्हात पार्श्वभूमी पुसट करायची एवढाच हेतू असेल तर लेन्ससमोर एनडी फिल्टर लावून साधा फ्लॅश मारणे पुष्कळदा स्वस्त पडते.

या गणितात अलीकडे खरी उलथापालथ केली ती कॅमेऱ्याने. नोव्हेंबर २०२३ मध्ये सोनीने जाहीर केलेल्या ए-९-३ मध्ये ग्लोबल शटर आहे. पूर्ण सेन्सर एकाच क्षणी उघडतो आणि मिटतो, म्हणून फ्लॅश कुठल्याही वेगाला जुळतो. ऐकायला हे सोन्याहून पिवळे वाटते. पण दिव्याचा फ्लॅश शटरपेक्षा लांब असेल तर उरलेला उजेड शटर मिटल्यावर पडतो आणि फुकट जातो. एडी-६०० प्रोचा टी-पॉइंट-वन पूर्ण ताकदीला १/२२० सेकंद आहे. १/८००० सेकंदाच्या शटरमध्ये त्यातला लहानसा तुकडाच मावणार. ग्लोबल शटर साध्या कॅमेऱ्यांत उतरले तर पूर्ण ताकदीलाही आखूड फ्लॅश देणाऱ्या दिव्यांना मागणी येईल. नव्या दिव्यासाठी थांबण्याचे आज काही सबळ कारण असेल तर हेच, आणि तेही असा कॅमेरा हाती असलेल्यांपुरते.

काही जण स्ट्रोबचाच नाद सोडून एलईडीकडे वळावे म्हणतात. रील आणि व्हिडिओ हेच मुख्य काम असेल तर वळणे योग्यच, कारण स्ट्रोबचा तिथे उपयोग शून्य. फोटोसाठी मात्र साधा हिशेब करून पाहावा. ६०० वॉटचा एलईडी १/२०० सेकंदात ३ वॉट-सेकंद ऊर्जा खर्च करतो. स्ट्रोब त्याच वेळात ६००. एलईडी विजेचे उजेडात रूपांतर जास्त चांगले करतो, त्यामुळे अंतर दोनशे पटींहून कमी होते, पण तरी ते कित्येक स्टॉपचे राहते. एवढा उजेड सतत डोळ्यांवर घेऊन लहान मूल हसत बसणार नाही. एलईडी आणखी सुधारतील म्हणून स्ट्रोबची खरेदी थांबवणे हा म्हणूनच चुकीच्या गाडीची वाट पाहण्यासारखा प्रकार आहे.

नव्या दिव्याची बातमी कधी आणि का फुटते हेही समजून घेण्यासारखे आहे. पूर्वी या धंद्याला पंचांगच होते. जर्मनीतल्या कोलोन शहरात फोटोकिना हे प्रदर्शन १९५० पासून भरे, पुढे ते दोन वर्षांनी एकदा होत असे, आणि नवा माल तिथे उघड करायचा हा रिवाज. प्रदर्शनाच्या आधीच्या उन्हाळ्यात खरेदी न करणे तेव्हा समंजसपणाचे होते. २०१८ नंतर फोटोकिना भरलेच नाही. २०२० चे करोनामुळे रद्द झाले आणि मग ते बंदच केले गेले. आता घोषणा वर्षभर कधीही होतात, आणि घोषणा कधी करायची हे कंपनी स्वतःच्या सोयीने ठरवते. गोदामात जुना माल पडून असेल तर ती गप्प बसते. ग्राहक प्रतिस्पर्ध्याकडे चालले असतील तर अर्धवट तयार वस्तूचाही गाजावाजा करते. लवकर बोलण्याची किंमत ऑसबोर्न या संगणक कंपनीने मोजली, अशी कथा धंद्याच्या जगात सांगितली जाते. पुढच्या मॉडेलची चर्चा सुरू झाल्यावर चालू मॉडेलची विक्री आटली आणि १९८३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. ग्राहकाने यातून घ्यायचे ते एवढेच, की दुकानात किंमत आणि वॉरंटीसह ठेवलेला दिवा आणि चित्रातला दिवा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. परदेशात विक्री सुरू झाली तरी आयात, शुल्क आणि वितरकाची व्यवस्था होऊन तो इथे येईपर्यंत आणखी वेळ जातो. मधल्या काळात बिलाशिवाय येणारा माल स्वस्त पडतो, पण नळी किंवा सर्किट गेले की त्याला वाली नसतो.

कंपनी बुडेल या भीतीने थांबणारेही असतात. बोवेन्स ही १९२३ पासूनची ब्रिटिश कंपनी. २०१७ मध्ये तिचा कारभार गुंडाळला गेला. पण सॉफ्टबॉक्स अडकवायचे तिचे एस-माउंट इतके रुळले होते, की चिनी कंपन्यांनी ते सर्रास उचलले आणि आज तोच जवळजवळ सर्वमान्य साचा झाला आहे. बोवेन्सचे जुने सॉफ्टबॉक्स आणि ब्युटी डिश नव्या गोडॉक्सवर खटकन बसतात. दिवा निवडताना ब्रँडच्या भवितव्यापेक्षा माउंट कोणते आहे हे पाहणे जास्त फायद्याचे. स्वतःचेच वेगळे माउंट असलेल्या दिव्याभोवती महागडे सामान जमवण्याआधी मात्र दोनदा विचार करावा.

आता थांबण्याच्या किमतीकडे. महाराष्ट्रात लग्नाचे काम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि आषाढात चातुर्मास लागला की मंदावते. साड्या, दागिने, मिठाई यांच्या दिवाळीच्या जाहिरातींची कामे गणपतीच्या आगेमागे निघतात. लग्नवाल्याने पावसाळ्यात थांबणे फुकट असते. कार्तिकात थांबणे महाग. समजा दिवा ६०,००० रुपयांचा आहे आणि पाच वर्षे चालणार आहे, तर त्याचा खर्च महिन्याला १,००० रुपये पडतो. सहा महिने थांबून नवा दिवा २० टक्क्यांनी स्वस्त मिळाला तर बचत १२,००० ची. तेवढ्या काळात दिवा नाही म्हणून एखादे काम जरी हातचे गेले तरी ही बचत बुडाली. भाड्याने दिवे सहज मिळणाऱ्या मुंबई-पुण्यात हे गणित सैल होते. तिथे मोजक्या दिवसांपुरता आखूड फ्लॅशचा दिवा भाड्याने आणून आपल्या कामाला तो खरोखर लागतो का हेही तपासता येते. लहान गावात ती सोय नाही, म्हणून तिथल्या माणसाने थांबण्याआधी जास्त विचार करावा.

नव्याची हाव सुटल्यावर लोक जुने दिवे विकायला काढतात, आणि थांबणे व घेणे यांच्यामधली सर्वांत चांगली वाट बहुतेकदा तीच असते. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा ओळखीच्या छायाचित्रकाराकडून वापरलेला दिवा घेताना तो लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दिवा बंद असताना नळी पाहावी. टोकांशी काळवंडलेली असेल तर तिचे बरेच आयुष्य संपलेले आहे, आणि त्या मॉडेलची नवी नळी आज मिळते का हे आधी विचारावे. मग कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून राखाडी कार्डाचे पूर्ण ताकदीने लागोपाठ दहा फोटो काढावेत आणि हिस्टोग्राम ताडून पाहावेत. आकृती डावी-उजवीकडे सरकत असेल किंवा तयार झाल्याचा बीप मधूनच उशिरा येत असेल, तर कॅपॅसिटर दमला आहे असे समजावे. कित्येक महिने पडून राहिलेला दिवा मात्र लगेच पूर्ण ताकदीला मारू नये. तो आधी काही वेळ नुसता चालू ठेवावा, मग कमी ताकदीपासून हळूहळू वर न्यावा, कारण न वापरलेल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरला पुन्हा सवय व्हावी लागते. पावसाळाभर कपाटात ठेवलेल्या स्वतःच्या दिव्यांनाही हेच लागू. आणि दिवा उघडून दुरुस्त करायचा मोह आवरावा. प्लग काढल्यानंतरही आत शेकडो व्होल्ट साठून राहिलेले असतात, आणि ते जीव घेऊ शकतात.